घरच्या कापसाची पेटी

"डिक्की अशी रिकामी काहून आनली?" देवमनभाऊंनी विचारलं.

नितेश गावंडे गोंधळला. दर्यापूरकडच्या आपल्या गावाहून तो पहाटेच निघाला होता. आदल्या दिवशी त्यानं गाडी धुतली होती, डिक्की झाडून पुसून घेतली होती, वर अत्तराचा फवाराही मारला होता. सोयरिकीला जाणारा माणूस दाढी करून जातो, तसं.

"पेटी बसवाची हाय न भाऊ. म्हून खाली केली," तो म्हणाला.

"पेटी रिकाम्या डिक्कीत नाई बसत. रोजच्या डिक्कीत बसते. सामान कुठी हाय तुमचं?"

सामान मागच्या सीटवर होतं, आणि सामानाच्या मधोमध नितेशचे वडील जानराव बसले होते. वय चौऱ्याहत्तर, अंगात पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा. एका बाजूला फवारणीचा पंप, दुसऱ्या बाजूला पाण्याची कॅन, पायाशी औषधांची पिशवी आणि मांडीवर खोळीत घातलेली ढोलकी. आपल्याबद्दल काहीतरी चाललं आहे एवढं त्यांना समजलं असावं. ते दोघांच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होते.

देवमनभाऊंनी एकेक वस्तू उचलून डिक्कीत परत ठेवली. ढोलकीसुद्धा. मग खिशातून टेप काढला आणि जी जागा उरली ती मोजली.

हे मी माझ्या दुकानाच्या काचेतून बघत होतो. माझं नाव शेखर. अकोल्यात गाड्यांच्या सजावटीचं माझं दुकान आहे: सीट कव्हर, हॉर्न, लाइट, आरशाला लटकवायच्या वस्तू. दुकानाला लागूनच देवमन शिरसाट यांची टिनाची शेड. ते गाड्यांमधल्या सबवूफरच्या पेट्या बनवतात. सबवूफर म्हणजे तो परातीएवढा स्पीकर, जो गाण्यातली धमक तेवढी वाजवतो. तो नुसता वाजत नाही, त्याला चहूबाजूंनी बंद लाकडी पेटी लागते. पेटी नीट असली तर धमक गोल येते, नाही तर पिंपावर काठी मारल्यासारखं होतं. तयार पेट्या माझ्याही दुकानात असतात. ज्याला घाई आहे त्याला मी त्या देतो. ज्याच्या कपाळावर आठ्या आहेत त्याला शेजारी पाठवतो.

देवमनभाऊंचा नियम एकच. गाडी जशी रोज असते तशी आणायची. याचं कारण ते सुरुवातीच्या दिवसांत शिकले. एका मास्तरांना त्यांनी झकास पेटी बसवून दिली. पंधरा दिवसांत मास्तर पेटी काढून घ्या म्हणून आले, कारण गॅसचं सिलिंडर मावेना. तेव्हापासून ते म्हणत, पेटी परत येते ती आवाजापायी नाही, सिलिंडरापायी. मग त्यांनी माणसांच्या डिक्क्या बघायला सुरुवात केली. कोणाच्या डिक्कीत बायकोचं शिलाई मशीन, कोणाच्या डिक्कीत भावाच्या नावाच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, लग्न मोडून वर्ष झालेलं. ते काही विचारायचे नाहीत. जेवढं सामान तेवढी जागा सोडून उरलेल्यात पेटी बसवायचे. त्या मास्तरांनंतर एकोणीस वर्षांत त्यांची एक पेटी परत आली नव्हती. पेटीवर नाव टाका, जाहिरात होईल, असं मी दहादा सांगितलं असेल. "परत आली नाई, तेच नाव," एवढंच उत्तर.

असा माणूस शेजारी असणं सोपं नसतं. त्यांच्याकडं बघून माझ्या तयार पेट्यांचे जोड मलाच हलके वाटायला लागायचे.

"मले आवाज नोको," जानराव एकदम म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "मले धमक पायजे."

मीही शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. नितेशनं सगळं सांगितलं. चाळीस वर्षं बाबांनी गावच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवली. आठ वर्षांपूर्वी कान गेले. अमरावतीला दाखवलं, मशीन घेतलं. बाबा म्हणाले, यात तर नुसतीच भांडी पडतात. आणि मशीन कपाटात गेलं. मागच्या वर्षी एका लग्नात ते कोणाच्या तरी गाडीला टेकून उभे होते आणि आत सबवूफर वाजत होता.

"पाठीले ठेका लागला न बाप्पा," जानराव म्हणाले. नितेशचे हातवारे बघून गोष्ट कुठवर आली ते त्यांनी ओळखलं होतं. "सात वर्सानं लागला. तवापासून याच्या मांगं लागलो."

देवमनभाऊंनी त्यांना स्टुलावर बसवलं. पाठीमागं प्लायवूडचा तुकडा धरला आणि लाकडी हातोडीनं त्यावर ठोकायला सुरुवात केली. आधी खांद्याजवळ, मग चार बोटं खाली, मग आणखी खाली. जानराव डोळे मिटून बसले होते.

"हं... इथं नाई... खाली घे... हां. इथं."

तिथं पेन्सिलीनं फुली पडली. शिंपी कोटाचं माप घेतो तसं एका म्हाताऱ्या पाठीचं माप घेतलं जात होतं. देवमनभाऊंनी ठरवलं की स्पीकरचं तोंड सीटच्या पाठीकडं करायचं आणि पेटी सीटच्या लोखंडी चौकटीला आवळायची. बाकी गिऱ्हाइकांना सीटला हादरा नको असतो, तो अडवण्यातच निम्मं कसब जातं. इथं हादरा पोचवायचा होता.

सगळं ठरलं आणि गाडं अडलं ते भरणावर. पेटीच्या आतल्या बाजूनं मऊ काहीतरी लावावं लागतं, म्हणजे आतला आवाज आतल्या आत घुमत नाही. देवमनभाऊंनी नेहमीचं पांढरं पॉलिस्टर दाखवलं. जानरावांनी ते चिमटीत धरलं, ओढलं, नाकाला लावलं.

"हे काय हाय?"

"कापूस. कंपनीचा," देवमनभाऊ ओरडून म्हणाले.

"कोन्या झाडाले लागते हा?"

मला हसू आवरेना. जानराव मात्र गंभीर होते. आमच्याकडं पोरीच्या लग्नातली गादी विकतच्या कापसाची निघाली तर मांडवात कुजबूज होते. ज्याच्या घरात खोलीभर कापूस पडला आहे त्यानं गाडीत प्लास्टिकचा भुगा भरायचा, हे त्यांना झेपणारं नव्हतं.

"घरी कापूस असतानी इकतचा भरू? बुढी घरात घीन काय मले?"

देवमनभाऊंनी समजावलं की मोकळा कापूस हलतो, स्पीकरच्या कागदात घुसतो. जानराव ओठांकडं बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मंग बांधून आनतो." तेव्हा देवमनभाऊंनी माघार घेतली. बोटभर जाडीच्या गाद्या शिवून आणा म्हणाले, माप कागदावर लिहून दिलं. नंतर मी म्हटलं, भाऊ, ऐकलं कसं तुम्ही? ते म्हणाले, "कापूस काई वाईट नसते. साफ असला म्हंजे झालं."

तीन आठवड्यांनी गाडी आली तेव्हा पुढच्या सीटवर जानरावांच्या पत्नी मैनाबाई होत्या. मांडीवर उशीच्या खोळीत चार लहान गाद्या. हिरव्या जुन्या पातळाच्या, तान्ह्या लेकराला घालतात तशा, दर चार बोटांवर टाका घातलेला. काम बघून माझ्यातला सीट कव्हरवाला गप्पच झाला. असा टाका माझ्या मशीनला जमत नाही.

"सरकी सारी काढली का माय?" देवमनभाऊंनी विचारलं. सरकी म्हणजे कापसातलं बी.

"वातीचा कापूस करतो तसा केला बाप्पा. पंधरा दिस बसली मी एक-एक बोंड घेऊन," मैनाबाई म्हणाल्या. "एक सरकी सापडली तं माहं नाव बदलजो."

त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पांढरा दिसत होता. दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं असावं. देवमनभाऊंचा हात गादीवर गेला. एरवी हा माणूस कारखान्यातून आलेला स्क्रूसुद्धा उजेडात धरून बघतो. अंगठ्यानं गादी चाचपायला त्यांना दोन मिनिटं पुरली असती. मैनाबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी गादी तळहातावर नुसती तोलली, "लय भारी काम केलं माय," म्हणाले आणि पेटीच्या भिंतीला ठोकायला घेतली.

पेटी वाळल्यावर त्यांनी उदबत्ती लावली. हीसुद्धा त्यांची पद्धत. आतून हवेचा दाब द्यायचा आणि उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून सावकाश फिरवायची. धूर जिथं वाकला तिथं फट. धूर सरळ वर गेला.

मग गाडीत बसवून वाजवली. ढोलकीवर सुरू होणारं भजन नितेशनं मोबाइलवर काढून ठेवलं होतं. पहिल्याच ठेक्याला पुढच्या सीटवरच्या मैनाबाईंनी दोन्ही कान दाबले.

"बंद करा व माय, पोटातलं हालून राह्यलं."

मागं जानराव सीटला पाठ लावून बसले होते. मग त्यांची उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, मागून डावा हात आला. बोटं बरोबर ठेक्यावर पडत होती. मैनाबाईंना ते वरच्या आरशात दिसलं. त्यांनी कानावरचे हात काढले आणि गाणं संपेपर्यंत आरशात बघत बसल्या.

हे फेब्रुवारीतलं.

त्या पावसाळ्यात देवमनभाऊंचा खोकला वाढला. पेट्यांचं लाकूड म्हणजे खरं तर भुसा दाबून केलेल्या फळ्या. त्या कापल्या की पिठासारखी धूळ उडते आणि छातीत बसते. भाऊ ओला दुपट्टा नाकाला बांधून कापत. मीही त्यांची करवत सुरू झाली की दुकानाची काच सरकवून लावून घेई, कारण धूळ सीट कव्हरवर बसायची. वर काच लावताना दोन शब्द ऐकवायचो. दिवाळीनंतर त्यांनी छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, एक तर धूळ ओढून घेणारं बंद मशीन घ्या, नाही तर धंदा बदला. तसं मशीन बँकेच्या मदतीशिवाय होणारं नव्हतं, आणि बँक म्हणाली, वर्षभराच्या कामाचं कोणाचं पत्र आणा.

पत्र देणारं माणूस मीच शोधलं. अमरावतीच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये दामिनी नावाच्या मॅडम होत्या. नव्या गाड्यांत काय काय बसवायचं ते त्या बघत. त्यांना पेट्या बनवणारा भरवशाचा माणूस हवा होता. अमरावतीत तिघं करून झाले होते. एकाच्या पेट्या पावसात फुगल्या, एकाच्या शिट्टी मारायच्या, तिसरा फोन उचलायचा नाही. मी त्यांना देवमनभाऊंबद्दल सांगितलं. दर महिन्याला दहा-बारा पेट्या, वर्षाचं पत्र. मॅडम फोनवर म्हणाल्या, "मला नवीन पेटी नका दाखवू. नवीन सगळ्यांचीच चांगली असते. रस्त्यावर फिरलेली दाखवा."

मला ही बाई तिथंच आवडली. बोलणं देवमनभाऊंसारखंच होतं.

जानेवारीतला सोमवार ठरला, सकाळी अकरा. देवमनभाऊंनी आपल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना गाड्या घेऊन बोलावलं होतं. साडेनऊपासून ते शेडमध्ये झाडू मारत होते. नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेषांसकट. मी चिडवलं, "भाऊ, पोरगी पाहाले येऊन राह्यली का तुमची?" ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला.

दहाच्या सुमारास नितेशची गाडी आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"भाऊ, पेटीत काईतरी वाजून राह्यलं," नितेश म्हणाला. "महिना झाला. बाबाले नाई समजत, पन आमाले गाडीत बसवत नाई."

देवमनभाऊंनी झाडू ठेवला. गाणं लावायला सांगितलं. प्रत्येक ठेक्याबरोबर आतून बारीक टरटर येत होती, डब्यात चार दाणे उडावेत तशी. त्यांचा चेहरा मी पाहिला. एकोणीस वर्षांनंतर पेटी परत आली होती, आणि तासाभरात मॅडम यायच्या होत्या.

"माय नाई आली?" स्क्रू काढता काढता त्यांनी विचारलं.

"आई गेली न भाऊ," नितेश म्हणाला. "दसऱ्याच्या आधी. दोनच दिवस ताप होता."

देवमनभाऊंचा पेचकस थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

पेटी मागं ओढून त्यांनी स्पीकर काढला आणि आत हात घातला. पावसाळ्याच्या दमटपणानं कापूस बसला होता, गाद्या चपट्या झाल्या होत्या. अंगठा फिरवता फिरवता ते एका जागी थांबले. मग दुसऱ्या. कापूस फुगलेला होता तोवर सरक्या आत दडून राहिल्या होत्या. आता त्या कापडाला येऊन टेकल्या होत्या आणि लाकडावर वाजत होत्या. तळातली गादी त्यांनी अलगद सुटी करून बाहेर काढली. उपाय सोपा होता. टाके उसवायचे, सरक्या वेचायच्या, कापूस परत भरायचा. नाही तर गादी काढून नेहमीचं पॉलिस्टर लावायचं, अर्ध्या तासाचं काम. त्यांनी ब्लेड घेतलं.

"ए!" जानराव म्हणाले.

ते गाडीतून उतरून, दाराला धरून, मागं येऊन उभे राहिले होते. वर्षभरात बरेच वाळले होते. नजर हिरव्या पातळावर होती.

"टाका काहून उसवून राह्यला?"

देवमनभाऊंनी बोलण्याऐवजी त्यांचा अंगठा धरला आणि गादीवर टेकवला. जानरावांना कळायला वेळ लागला. शेतकऱ्याचा अंगठा, सरकी ओळखणारच. त्यांनी गादी हातात घेतली आणि स्वतःच चाचपायला लागले.

"एक," ते म्हणाले. "ही दुसरी. तीन..." सातापर्यंत गेले आणि तोंडाचं बोळकं करून हसले. "बुढीले दिसत नव्हतं. पंधरा दिस मले म्हने, दिसते. चांगलं दिसते."

जानरावांनी गादी देवमनभाऊंच्या हातात परत दिली.

"लाव जशीच्या तशी."

"दादाजी, वाजते ते," देवमनभाऊ त्यांच्या कानाशी ओरडले.

"मले नाई वाजत."

"बाकीच्याइले वाजते."

"त्याइचं त्याइनं पाहावं."

नितेश पुढं झाला. "बाबा, दुसरं टाकू. हे घरी घेऊन जाऊ, आईच्या फोटोजवय ठेवू."

जानरावांनी त्याचे ओठ नीट वाचले. "फोटोजवय ठेवून काय करू? फोटो मले दिसते. इथं मले लागते," म्हणत त्यांनी पाठीमागं हात नेला, जिथं एका फेब्रुवारीत पेन्सिलीची फुली पडली होती. "तिचा टाका तिच्या मांगं कोनी उसवाचा नाई."

देवमनभाऊंनी शेडमधल्या घड्याळाकडं पाहिलं. साडेदहा झाले होते. मी हळूच म्हटलं, "भाऊ, आता गाडी जाऊ द्या. मॅडम गेल्यावर बघू." ते म्हणाले, "उघडी पेटी घेऊन कसं पाठवू त्याले?" आणि गादी होती तिथं ठोकायला घेतली. एकही टाका हलला नाही. मग स्पीकर बसवला. आठ स्क्रू. मी मनातल्या मनात मोजत होतो, आणि सहाव्या स्क्रूला अमरावतीची गाडी शेडसमोर येऊन थांबली.

दामिनी मॅडम एकट्याच आल्या होत्या. वय तिशीचं, हातात वही. चहा नको म्हणाल्या. दोन्ही गाड्या आल्या होत्या. एकेक गाडीत बसून त्यांनी पाच-पाच मिनिटं ऐकलं. एकीची पेटी सहा वर्षांची होती. मॅडमनी तिच्या सांध्यांवरून नख फिरवून बघितलं आणि वहीत काही लिहिलं. चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. मला वाटलं, झालं काम.

"ही पण तुमचीच ना?" त्यांनी नितेशच्या गाडीकडं बोट केलं. जानराव आत आपल्या जागेवर जाऊन बसले होते.

माझ्या तोंडून लगेच निघालं, "नाही मॅडम, ही दुसरीकडची आहे. दुरुस्तीला आली."

खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही. त्या वेळी तर ते खोटंही वाटलं नाही. पेटीवर नाव नव्हतंच. ज्या माणसाला मशीन मिळणार होतं, ज्याची छाती वाचणार होती, त्याच्यासाठी एक वाक्य.

"नाई," देवमनभाऊ म्हणाले. "माहीच हाय."

मॅडमनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग पुढचं दार उघडून बसल्या आणि नितेशला म्हणाल्या, "लावा."

ढोलकी सुरू झाली, आणि तिच्यासोबत टरटर. मॅडमनी आवाज कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. मागं जानरावांचे डोळे मिटले होते आणि बोटं गुडघ्यावर चालू होती. मॅडमनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, जरा वेळ पाहिलं. मग उतरल्या.

"कशाचा आवाज आहे हा?"

"सरकीचा. घरच्या कापसाचं भरन हाय आतमधी," देवमनभाऊ म्हणाले. "सरकी राह्यली. तपासाचं काम माहं होतं, म्या नाई तपासलं."

"मग काढली का नाही? आता तर उघडली होती तुम्ही." त्यांच्या नजरेतून पेचकस सुटला नव्हता.

"मालक नाई म्हनते."

त्या वाट बघत राहिल्या. पुढं काही सांगतील असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं. दोन वाक्यांत सांगण्यासारखं होतं सगळं, आणि बाई दगडाची नव्हती. मी तोंड उघडलं तर देवमनभाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी ते मिटून घेतलं.

"शिरसाटभाऊ, त्या दोन पेट्या फार चांगल्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही खरं बोलला तेही मला आवडलं. पण मी वर जाऊन काय सांगू? तीन ऐकल्या, एक वाजत होती, आणि मालक नाही म्हणाले म्हणून सोडून दिली? शोरूममध्ये गिऱ्हाईक हजार गोष्टींना नाही म्हणतं."

"बरोबर हाय मॅडम," देवमनभाऊ म्हणाले.

त्या गेल्यावर जानरावांनी काच खाली केली. "पोरगी काय म्हने?" त्यांनी गल्लीभर विचारलं.

देवमनभाऊंनी अंगठा वर करून दाखवला. जानराव खूश झाले. नितेशनं गाडी काढली. वळणावर जाईपर्यंत ती टरटर ऐकू येत होती.

मी भडकलोच होतो. "सांगायचं होतं ना भाऊ! एवढंच सांगायचं होतं, की त्यांच्या बायकोनं..."

"काय सांगू? बुढीले दिसत नव्हतं म्हून?" ते शांतपणे म्हणाले. "सरकी सापडली तं नाव बदलजो म्हने माय मले. मेल्यावर बदलू?"

राग मात्र गेला नाही. तो आजही आहे. नेमका कोणावर ते मला सांगता येत नाही.

गुरुवारी मॅडमचा फोन आला. काम नागपूरच्या माणसाला गेलं होतं. त्या नीट बोलल्या, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. मी शेडमध्ये जाऊन सांगितलं. देवमनभाऊ एका डॉक्टरांच्या गाडीचं माप कागदावरून फळीवर उतरवत होते. "बरं," म्हणाले. पेन्सिल कानावर ठेवली. मग कोपऱ्यातल्या बादलीत दुपट्टा बुचकळला, पिळला, नाकातोंडाला बांधून मागं गाठ मारली आणि करवत सुरू केली.

मी दुकानात येऊन बसलो. काच लावायला उठलो आणि पुन्हा बसलो. संध्याकाळी दुकान बंद करताना काउंटरवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ साचली होती.